वीस ठोके

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास भिमाजी टिपर चालू ठेवूनच खाली उतरला आणि डांबर प्लांटच्या केबिनच्या लोखंडी जिन्यानं वर आला. ड्रायव्हर सहसा वर येत नाहीत. माल भरेपर्यंत टिपरच्या सावलीत तंबाखू मळत बसतात. म्हणून रंभाजीनं त्याच्याकडं पाहिलं, पण हात बटणांवरच होता. मिक्सरमध्ये सातवी बॅच होती.

"दादा, प्लांट बंद करा."

"का रं? तीन बॅच राहिल्यात की तुझ्या."

"राहू द्या. वहिनी गाडीवरनं पडल्यात. ओढ्याच्या वळणावर."

"लई लागलंय का?"

"शेवगावला नेलंय," भिमाजी म्हणाला आणि खिडकीतून बाहेर बघायला लागला.

मिक्सरमध्ये तापलेल्या खडीवर डांबर सुटलं होतं. असा माल तसाच सोडला तर तो पात्यांना धरून बसतो, मग छिन्नी-हातोडीनं फोडून काढावा लागतो. रंभाजीनं ती बॅच पुरी केली, टिपरमध्ये सोडली, बर्नर बंद केला आणि मग जिना उतरला. दीड मिनिटाचं काम. त्या दीड मिनिटानं काही बदललं नसतं. त्याची बायको चांगुणा जागेवरच गेली होती, हे दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं. तरी ते दीड मिनिट त्याच्या डोक्यातून कधी गेलं नाही.

शेवगावला जायचा रस्ता त्याच वळणावरून होता. भिमाजीनं टिपर हळू केला. स्कुटी बाभळीला टेकवून ठेवली होती. तिच्या पुढ्यातलं पोतं फाटून दुधाच्या रिकाम्या पिशव्या सगळीकडं पसरल्या होत्या, काही बाभळीच्या काट्यांना अडकून फडफडत होत्या. दोन माणसं उभी होती, त्यांनी टिपर बघून मान खाली घातली.

"खडी सुटलीय बघा सगळी," भिमाजी म्हणाला. "चाक ठरलंच न्हाई."

रंभाजीनं खाली बघितलं नाही. तिथली खडी सुटलेली आहे हे त्याला माहीत होतं. का सुटली हेही माहीत होतं. जगात दोनच माणसांना ते माहीत होतं, आणि त्यातलं एक शेवगावच्या दवाखान्यात पांढऱ्या चादरीखाली झोपवलेलं होतं.

तो रस्ता म्हणजे खंडेवाडीपासून फाट्यापर्यंतचा सहा किलोमीटरचा तुकडा. डांबरात प्लास्टिक घालून केलेला त्या भागातला पहिला. फाट्यावर निळा बोर्ड लावला होता, त्यावर चांगुणाच्या बचत गटातल्या अकरा बायकांचा फोटो होता. बाकीच्या दहा बायका फोटोत नुसत्या उभ्या होत्या. चांगुणाच्या हातात पोतं होतं, कारण फोटोवाला आला तेव्हा ती काम करत होती आणि तिनं ते खाली ठेवलं नव्हतं.

प्लास्टिक गोळा करायचं काम गटाचं. शेवगावची हॉटेलं, दूध डेअरी, लग्नाची कार्यालयं. महिन्याला एक टेम्पो शिर्डीहून यायचा, प्रसादाच्या दुकानांतल्या पातळ पिशव्यांचा. बायका ते सगळं धुवायच्या, तारेवर वाळवायच्या, यंत्रात घालून बारीक कापायच्या आणि चार-चार किलोची पोती बांधून ठेवायच्या. चार किलोच का, तर एका बॅचला तेवढंच लागायचं. एक टन मालाला पन्नास किलो डांबर. त्यात चार किलो प्लास्टिक घातलं की डांबर शेहेचाळीस किलोच सोडायचं. तापलेल्या खडीवर आधी प्लास्टिक पडतं, वितळतं, प्रत्येक दगडाला पातळ पापुद्रा धरतो आणि मग त्यावर डांबर पडतं. असा दगड पाण्यात भिजला तरी डांबर सोडत नाही. हे सगळं चांगुणा रंभाजीपेक्षा चांगलं सांगायची. गटाच्या ट्रेनिंगला तिनं दोन दिवस वहीत लिहून घेतलं होतं. रंभाजी नुसता ऑपरेटर. त्याला बटणं कळायची.

पण एक गोष्ट त्यालाही पक्की माहीत होती. प्लास्टिक नसेल तर डांबर पुरं सोडायचं. पन्नास. नाहीतर माल कोरडा जातो, आणि कोरडा माल पहिल्याच पावसाळ्यात खडी सोडायला लागतो.

पोती मिक्सरमध्ये टाकायला चांगुणा वरच्या फलाटावर उभी राहायची, पण केबिनमधून तो फलाट दिसत नव्हता. मधे धुळीसाठी लावलेला पत्रा होता. म्हणून त्या दोघांनी पहिल्या दिवशीच ठरवून घेतलं होतं. खडी पडली की रंभाजीनं भोंगा द्यायचा. चांगुणानं पोतं रिकामं करायचं आणि पाना पाइपावर आपटायचा. एक ठोका म्हणजे पडलं. दोन म्हणजे थांबा, पोतं अडकलं. तीन म्हणजे जेवायला चला. शेवटचं तिनंच घातलं होतं. प्लांटवरचे लोक हसायचे. "दादा, वहिनी घरी पण पाना घेऊनच बोलत्यात का?" असं भिमाजी एकदा म्हणाला होता, आणि चांगुणानं वरूनच उत्तर दिलं होतं, "व्हय, आणि एका ठोक्यात ऐकत्यात. तुझ्या बायकोला पाठव, शिकवते."

एप्रिलमधल्या शेवटच्या दिवशी पोती कमी पडली. शिर्डीचा टेम्पो आला नव्हता. ओढ्याच्या वळणाचं काम राहिलं होतं, दोन टिपर माल, म्हणजे वीस बॅच. दुसऱ्या दिवशी बोर्डाचा कार्यक्रम ठरलेला होता, पाहुणे नगरहून यायचे होते. प्लांटचे मालक आप्पासाहेब यांनी कुठून तरी फ्लेक्सचे जुने बोर्ड ट्रॅक्टरभर आणून टाकले. वाढदिवसाचे, निवडीचे, अभिनंदनाचे. ते यंत्रात घालून कापा आणि पोती भरा, असं सांगितलं.

चांगुणा म्हणाली, "हे चालत न्हाई आप्पासाहेब. ट्रेनिंगला सांगितलंय. फ्लेक्स तापला की विषारी धूर सुटतो. वर आमी दोघी उभ्या ऱ्हातो."

"वीस पोत्यांनी कोन मरत न्हाई, बाई. तोंडाला रुमाल बांधा."

गटातली बनुबाई तिच्याबरोबर फलाटावर काम करायची. ती म्हणाली, "एवढ्या पुढाऱ्यांची तोंडं एकदम जाळली तर धूर नगरपर्यंत जायचा." सगळे हसले. आप्पासाहेबही हसले. मग ते स्वतः कट्ट्यावर खुर्ची टाकून बसले, काम पुरं होईपर्यंत.

रंभाजी केबिनमध्ये गेला. भोंगा दिला. ठोका आला. शेहेचाळीस किलो डांबर सोडलं. भोंगा, ठोका, डांबर. वीस वेळा. एक गोष्ट त्याच्या लक्षात आली होती. पोतं रिकामं व्हायला दहा-बारा सेकंद लागतात. त्या दिवशी ठोका भोंग्याच्या पाठोपाठ येत होता. त्याला वाटलं, आज शेवटचा दिवस आहे, बायका घाईत आहेत.

संध्याकाळी घरी चांगुणा भाकरी थापत होती. पाठमोरी असतानाच तिनं सांगितलं.

"वीस पोती टाकली न्हाईत मी."

"म्हंजे?"

"फलाटाच्या मागं ढीग घातलाय. फ्लेक्सचा एक तुकडा गेला न्हाई मालात. आप्पासाहेब खाली बसलेलं हुतं, तोंडावर न्हाई म्हनायचं तर उद्याचा कार्यक्रम बिघडला असता. म्हनून नुसता ठोका देत ऱ्हायले."

रंभाजी उठून बसला. "अगं, मग मला दोन ठोके द्यायचे. मी डांबर पुरं सोडलं असतं."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. हात तसेच पिठाचे राहिले. "डांबर कमी सुटतं हे त्या टायमाला ध्यानातच आलं न्हाई माझ्या. मला धुराचंच पडलं हुतं. घरी येताना रस्त्यात आठवलं."

मग रंभाजी म्हणाला, "ऱ्हाऊ दे. शंभर मीटरचा तर तुकडा हाय. पाऊस झाल्यावर वरून डांबराचं सील मारून घेतील."

"आप्पासाहेबांना सांगा तुमी."

"सांगतो."

दुसऱ्या दिवशी बोर्डाचा कार्यक्रम झाला. चांगुणाला नारळ आणि शाल मिळाली. रंभाजीनं त्या दिवशी सांगितलं नाही. कार्यक्रमाच्या दिवशी कोण सांगणार? मग पुढच्या आठवड्यात सांगू म्हणाला. मग प्लांट दुसऱ्या कामाला लागला. जुलैत वळणावर बोटाएवढी भोकं पडली. ऑगस्टमध्ये खडी कडेला जमायला लागली. चांगुणा रोज त्या रस्त्यानं पिशव्या आणायला जायची आणि संध्याकाळी एकदा तरी विषय काढायची.

"सांगितलं का?"

"दिवाळीनंतर सील मारनारच हायेत."

"आज बनुबाईची गाडी घसरता घसरता ऱ्हायली."

"हळू जायचं सांग तिला."

हे त्याचं तिच्याशी शेवटचं बोलणं नव्हतं. पण त्या रस्त्याबद्दलचं शेवटचं होतं. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भिमाजी जिना चढून वर आला.

पाचव्या दिवशी जलदान विधी झाला. विहारातले लोक, गटातल्या बायका, प्लांटवरचे सगळे आले होते. बौद्धाचार्यांनी पंचशील दिलं. त्यातलं खोटं न बोलण्याचं शील रंभाजी लहानपणापासून म्हणत आला होता. त्या दिवशी तेवढं शील त्यानं म्हटलं नाही. लोकांना वाटलं, रडू आलं.

मुलगी प्रज्ञा नगरला एका दवाखान्यात नर्स होती, केडगावात राहायची. ती सुट्टी टाकून थांबली होती. आईच्या साड्यांच्या घड्या घालायची, पुन्हा मोडायची, पुन्हा घालायची.

आठव्या दिवशी बनुबाई आली. पदर तोंडाला लावूनच आत बसली.

"दादा, आमचं काम गेलं."

"का?"

"बांधकाम खात्याची चौकशी लागलीय. अपघात झाला न्हवं. आप्पासाहेबांनी लिहून दिलंय म्हनं, गटानं ओलं प्लास्टिक दिलं म्हनून रस्ता उखडला. गावातली मानसं आता तोंडावर म्हनत्यात, बायकांनी कचरा घातला रस्त्यात. आन चांगुणाच्या नावानं..." ती थांबली.

"काय म्हनत्यात?"

"म्हनत्यात, आपल्याच कचऱ्यावरनं घसरली."

प्रज्ञा आतून चहा घेऊन येत होती. तिनं कप ठेवले आणि उभ्या उभ्याच विचारलं, "मावशी, खरंच ओलं होतं का प्लास्टिक?"

"तुझ्या आईनं ओलं पोतं बांधू दिलं असतं व्हय गं? हातानं चुरगाळून बघायची ती. एका पिशवीत थेंब सापडला तर माझं पोतं सोडायला लावलं हुतं तिनं. दोन दिवस बोलले न्हवते मी तिच्याशी."

बनुबाई त्या वीस पोत्यांबद्दल काही बोलली नाही. तिला माहीत नव्हतं असं नाही, ती फलाटावर होतीच. पण पोती टाकली नाहीत म्हणून धूर झाला नाही, एवढाच त्याचा अर्थ तिच्या लेखी होता. डांबराचं गणित तिच्याकडं कधी आलंच नव्हतं. ते गणित रंभाजीचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पिशवी घेऊन वळणावर गेला. कडेला जमलेल्या खडीतली दोन मुठी उचलली. मग एक किलोमीटर पुढं, सरळ रस्त्यावर, कडेचा एक तुकडा पहारीनं उचकटला. तो निघता निघेना. घरी येऊन त्यानं चांगुणाच्या लोणच्याच्या दोन काचेच्या बरण्या घेतल्या. एकीत वळणावरची खडी, दुसरीत सरळ रस्त्यावरची हातोडीनं मोकळी करून. दोन्हींत पाणी ओतलं आणि बरण्या चुलीच्या उबेला ठेवल्या. ही परीक्षा प्लांटच्या खोलीत साहेब लोक करायचे तेव्हा त्यानं पाहिली होती. एक दिवस ठेवायचं आणि बघायचं, दगड डांबर धरतो की सोडतो.

आपण हे कशाला करतो आहोत, हे त्याला नीट सांगता आलं नसतं. उत्तर माहीत होतं. कदाचित त्याला वाटत होतं की निघेल काही तरी वेगळं.

काही वेगळं निघालं नाही. दुसऱ्या दिवशी सरळ रस्त्यावरची खडी काळीची काळी होती. वळणावरच्या बरणीत अर्धे दगड उघडे पडले होते, राखाडी, धुतल्यासारखे. डांबराचे पापुद्रे तळाशी बसले होते.

प्रज्ञा चहा ठेवायला आली आणि बरण्यांकडं बघत उभी राहिली.

"हे काय आहे, बाबा?"

"रस्ता."

"आईच्या बरण्यांत?"

"दुसरं भांडं न्हवतं."

ती खाली बसली. एक बरणी उचलून उजेडात धरली, मग दुसरी. नर्सची नजर होती तिची. "ही वळणावरची," ती म्हणाली. विचारलं नाही. "हिच्यात असं का झालं?"

रंभाजीनं सांगितलं. फ्लेक्सचा ट्रॅक्टर, आप्पासाहेबांची खुर्ची, वीस ठोके, भाकरी थापताना पाठमोरी सांगितलेलं. त्यानं काही गाळलं नाही. सील मारतील म्हणाला होता ते, दिवाळीनंतर म्हणाला होता तेही. सांगताना तो प्रज्ञाकडं बघत नव्हता, चुलीकडं बघत होता. चहा उतू गेला तरी दोघांपैकी कुणी उठलं नाही.

"म्हणजे एप्रिलपासून तुम्हाला माहीत होतं."

"व्हय."

"आणि ती रोज त्याच रस्त्यानं जायची."

"व्हय."

"आणि रोज तुम्हाला सांगायची."

रंभाजीनं हात लांबवून चुलीवरचं पातेलं उतरवलं.

प्रज्ञानं बरणी खाली ठेवली, फडकं घेतलं आणि चुलीवर सांडलेला चहा पुसायला लागली. खूप वेळ पुसत राहिली. मग म्हणाली, "चौकशीत सांगणार आहात?"

"न्हाई सांगितलं तर बायकांवर येतंय. आन तुझ्या आईवर."

"सांगितलं तरी आईवरच येतंय. खोटा ठोका तिनंच दिला ना? लोक तेवढंच धरतील." तिचा आवाज चढला. "तुम्ही तुमचं सांगा. डांबराचं बटण मी विसरलो म्हणा. तुमच्यावर घ्या. तेवढं तरी करा. तिचं नाव काढू नका."

"मग तिनं पोती का न्हाई टाकली ते कसं सांगू?"

"ते सांगूच नका."

"मग फ्लेक्सचं ऱ्हातंय."

"राहू द्या! पाच महिने राहिलंच ना?"

ती संध्याकाळच्या एसटीनं केडगावला गेली. जाताना पाया पडली नाही. तिनं दोन्ही बरण्या मात्र धुतल्या नव्हत्या, तशाच ओट्यावर ठेवल्या होत्या.

चौकशी पुढच्या गुरुवारी होती. बुधवारी आप्पासाहेब घरी आले. बाहेर खाटेवर बसले, पाणी घेतलं. वाईट माणूस म्हणून ते कुणाला आठवले नसते. रंभाजीला वीस वर्षांपूर्वी त्यांनीच ऑपरेटर केलं होतं, तेव्हा त्या खुर्चीवर त्याच्या वस्तीतला कुणी बसेल असं कुणाला वाटलं नव्हतं. प्रज्ञाच्या लग्नाला पहाटेपासून मांडवात उभे होते.

"रंभाजी, मानूस गेलं. ते काय परत येत न्हाई. उद्या साहेब इचारतील, तू एवढंच म्हन, मी भोंगा दिला, ठोका आला, मी डांबर सोडलं. खोटं हाय का यात काही?"

"न्हाई."

"झालं तर मग. बाकी आमी बघतो."

रंभाजी म्हणाला, "आप्पासाहेब, फलाटाच्या मागं ढीग हुता फ्लेक्सचा. तुमी बघितला असंल नंतर."

आप्पासाहेबांनी पेला खाली ठेवला.

"बघितला," ते म्हणाले. "मे महिन्यात. मीच उचलून टाकायला लावला."

"मग तुमाला बी कळलं असंल, वळणाला काय झालं ते."

"कळलं हुतं."

म्हणजे तिघं होते. इतके दिवस रंभाजी दोनच धरून चालला होता. त्याला राग येईल असं वाटलं, पण आला नाही. आप्पासाहेबही दिवाळीची वाट बघत होते, तोही बघत होता. चांगुणा तेवढी वाट बघत नव्हती, रोज विचारत होती.

गुरुवारी अकरा वाजता खात्याचे अभियंता वैजनाथ साहेब वळणावर आले. तिशीचा मुलगा, टोपी घातलेला, बोलायला मऊ. बरोबर दोन माणसं, मोजपट्टी, रस्त्याचा गाभा कापून काढायचं यंत्र. गटाच्या दहाच्या दहा बायका कडेला उभ्या होत्या. गावातली वीसेक माणसं. आप्पासाहेब गाडीतच बसून होते, काच खाली करून.

यंत्र सरळ रस्त्यावर लावायला लागले तेव्हा रंभाजी पुढं झाला.

"साहेब, हितं न्हाई. इकडं कापा. वळणाचे शंभर मीटर."

"तुम्ही कोण?"

"प्लांटचा ऑपरेटर. हितं जी बाई पडली तिचा नवरा."

वैजनाथ साहेबांनी टोपी काढली. रंभाजीनं पिशवीतून बरण्या काढून रस्त्याच्या कडेला मोरीच्या कठड्यावर ठेवल्या आणि बोलायला सुरुवात केली. घरी बरंच काय काय ठरवलं होतं, त्यातलं निम्मं विसरला. पण क्रम चुकला नाही. साहेब लिहून घेत होते. वीस ठोक्यांवर आल्यावर त्यांचा पेन थांबला.

"म्हणजे तुमच्या पत्नीनं खोटा इशारा दिला?"

गर्दीत कुणीतरी "बघा" म्हणालं.

"व्हय," रंभाजी म्हणाला. "धूर हुईल म्हनून पोती टाकली न्हाईत, आन भांडन नको म्हनून ठोका दिला. पन घरी येऊन तिनं त्याच दिवशी मला सांगितलं. सांगितल्यावर चूक तिची ऱ्हायली न्हाई. माझी झाली. मी पाच महिने गप बसलो. हे बी लिहा."

"फ्लेक्स टाका म्हणून कुणी सांगितलं होतं?"

रंभाजीनं गाडीकडं बोट केलं नाही. नाव घेतलं. गाडीची काच वर गेली.

बनुबाई पुढं आली. "साहेब, मी बी फलाटावर हुते. खरं हाय. आन प्लास्टिक कोरडं हुतं. ती दुसरी बरणी बघा, तिच्यात आमचं प्लास्टिक हाय. बघा सोडलंय का डांबर." मग ती रंभाजीकडं वळली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मला का न्हाई सांगितलं दादा, डांबराचं? मी तिला त्या रस्त्यानं जाऊ दिलं नसतं."

ती बायकांत जाऊन उभी राहिली.

यंत्रानं वळणावर तीन ठिकाणी गाभे काढले. तिसरा हातात घेताच चुरला.

अहवाल महिन्याभरानं आला. प्लास्टिकमध्ये दोष नव्हता, असं त्यात लिहिलं होतं. गटाचं काम पुन्हा सुरू झालं, पण दुसऱ्या प्लांटसाठी, आणि अकराच्या ऐवजी दहा बायकांचं. आप्पासाहेबांना नोटीस गेली. रंभाजीला कामावरून कुणी काढलं नाही. त्यानंच जाणं बंद केलं. केबिनमध्ये बसून भोंगा द्यायला त्याचा हात गेला नसता.

प्रज्ञाचा फोन आठवड्यातून एकदा येतो. बीपीची गोळी घेतली का विचारते. घेतली म्हणतो. गावातले काही लोक अजून म्हणतात की बाईनंच फसवलं. प्रज्ञाला हे लागणार हे त्याला आधीच माहीत होतं. तिनं तसं सांगितलंही होतं. आपण बरोबर केलं का, असा प्रश्न तो स्वतःला विचारत नाही. उशिरा केलं, हे त्याला माहीत आहे.

सकाळी सात वाजता तो खराटा आणि घमेलं घेऊन वळणावर जातो. रात्रीतून गाड्यांनी सुटलेली खडी झाडून कडेला करतो. शाळेच्या आणि दुधाच्या गाड्या जायच्या आत तेवढं व्हावं लागतं. भिमाजी जाता-येता टिपर हळू करतो. "दादा, हे काय झाडून संपनार हाय का?" एकदा त्यानं विचारलं. रंभाजी म्हणाला, "न्हाई."

कारण झाडलं की खालून दुसरी सुटते. वैजनाथ साहेबांकडं तो दोनदा जाऊन आला. त्यांनी अंदाजपत्रक वर पाठवलं आहे. ओढ्याच्या वळणावरचा शंभर मीटरचा थर उकरून पुन्हा टाकायचा आहे. तो अजून टाकलेला नाही.